तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या खोल्या

हॉटेलात उतरायला आलेलं माणूस काउंटरवर पहिला प्रश्न काय विचारतं, यावरून त्याचं घर कसं असेल ते मला बरंचसं कळायचं. कपड्यांवरून नाही, बॅगांवरून तर मुळीच नाही. बॅगा पुष्कळदा शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या असतात.

मी मूळची निपाणीची. लग्न करून बंगळूरला चामराजपेटेत आले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असं आमचं चालायचं. मुलं शाळेत जायला लागली तशी मी मॅजेस्टिक बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागले. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बायका तेव्हा बड्या हॉटेलांच्या काउंटरवर दिसायच्या, आमच्यासारख्या मधल्या प्रतीच्या ठिकाणी नाही. मालक नंजप्पांनी मला घेतलं ते तीन भाषा येतात म्हणून, आणि भांडण न करता नाही म्हणता येतं म्हणून. माझ्याहून वयाने बरेच मोठे, पण तेही मला अक्काच म्हणत. आमचं बोलणं कन्नडमध्ये व्हायचं. इथे ते मराठीत लिहिते आहे.

हॉटेल तीन मजली. पहिल्या दोन मजल्यांवर साध्या खोल्या. खाट, टेबल, खिडकी, संपलं. तिसऱ्या मजल्यावर मात्र नंजप्पांच्या वडिलांनी कुठल्या हौसेनं कोण जाणे, लांबरुंद खोल्या बांधलेल्या. प्रत्येकीला गॅलरी, आणि खाटा टाकूनही मधे एवढी मोकळी जागा की एखादं बारसं उरकावं. भाडं अर्थातच जास्त. त्यामुळे त्या खोल्या बहुतेक वेळ बंद. आमच्या धंद्यात रिकामी खोली म्हणजे नासलेलं दूध. आजची रात्र आज विकली गेली नाही, तर ती उद्या विकता येत नाही.

म्हणून नंजप्पांनी ठरवलं की तिसऱ्या मजल्यावर भिंती घालायच्या आणि एकेका खोलीच्या दोन करायच्या. शहरात तेव्हा कॉम्प्युटर कंपन्या येऊ लागल्या होत्या. त्यांच्या बाहेरगावच्या पोरांना झोपायला जागा हवी होती. एका कंपनीचा माणूस टाय लावून आला आणि म्हणाला, "खोल्या वाढवा, पूर्ण हॉटेल आम्ही वर्षाच्या कराराने घेतो. आमची माणसं राहतील, आमचाच मॅनेजर बघेल." नंजप्पा खूश. पूर्ण हॉटेल एकाच कंपनीने घेतलं की काउंटर लागत नाही, आणि काउंटर लागत नाही म्हणजे मी लागत नाही. स्वयंपाकघरातले लोक लागत नाहीत. वर्षानुवर्षं खोल्यांत पाणी पोचवणारे मुनियप्पा लागत नाहीत.

"सगळ्यांना तीन महिन्यांचा पगार देईन," नंजप्पा म्हणाले. माणूस वाईट नव्हता. हिशेबाने वागत होता, एवढंच.

गवंडी ठरला, विटा मागच्या अंगणात येऊन पडल्या, आणि त्याच आठवड्यात सावंत आले.

नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई. मुंबईहून, कांजूरमार्गहून. नवरा एका विमा कंपनीत कारकून, बायको वसुधाताई टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये. माझं मराठी ऐकून सगळ्यांचे चेहरे खुलले. मी नेहमीप्रमाणे साध्या खोलीचं भाडं सांगायला लागले, तर वसुधाताईंनी मला मधेच थांबवलं.

"तुमची सगळ्यात मोठी खोली केवढी आहे हो?"

भाडं नाही, गरम पाणी नाही, बाथरूम नाही. खोली केवढी. असं कुणी विचारलेलं मला आठवत नव्हतं. मी त्यांना वर नेलं. दार उघडल्याबरोबर मुलं आत सुटली ती थेट गॅलरीच्या दारावर जाऊन आदळली आणि परत पळत आली. सासूबाई उंबऱ्यावरच थबकल्या.

"ही आखी आमचीच काय गो बाय? की आणखी कोण येतलो?"

"तुमचीच, आजी."

सावंतांनी भाडं विचारलं. मी जरा घाबरतच सांगितलं. ते बायकोकडे बघून म्हणाले, "एवढंच?" मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांनी तिथल्या तिथे चार दिवसांचे पैसे भरले.

पुढचं आणखी नवल. ही मंडळी बाहेरच पडेनात. मी इथल्या लालबागेतल्या झाडाफुलांचं सांगितलं, विधानसौधाचं सांगितलं, म्हैसूरची बस किती वाजता ते सांगितलं. "बघू, बघू," म्हणायचे आणि चहा वर मागवायचे. दुसऱ्या दिवशीही तेच. मुनियप्पा खाली येऊन हळूच म्हणाले, "अक्का, त्या लोकांचं काही दुखणंखुपणं आहे का? दिवसभर नुसते लोळताहेत."

हॉटेलात काम करणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी नाही नाही ते येतं. मी चादरी बदलायचं निमित्त काढून वर गेले. दार सताड उघडं. सासूबाई एका भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेल्या. मुलं खडूने फरशीवर चौकोन आखून लंगडी घालत होती. सावंत गॅलरीत पेपर वाचत होते आणि वसुधाताई पलंगावर आडव्या पडल्या होत्या. उशापायथ्याला नाही, पलंगाच्या रुंदीतून, हात दोन्हीकडे पसरून. मला बघून उठल्या नाहीत. नुसत्या हसल्या.

"ताई, सगळं ठीक ना? गाव बघायला जात नाही आहात म्हणून विचारते."

"गाव कसलं बघायचंय? आम्ही जागा बघायला आलोय."

मग त्यांनी मला पलंगावरच बसवून घेतलं आणि सांगितलं. घरी एक खोली आणि आत चिंचोळं स्वयंपाकघर. सासूबाई खाटेवर, दीर खाटेखाली, मुलं आणि ती दोघं उरलेल्या जागेत. कूस बदलायची तर शेजारच्याला हलवावं लागे. "आम्ही दोघंही मिळवतो. खाऊन-पिऊन काही उरतंही. पण त्या उरलेल्यातून मुंबईत आणखी एक खोली या जन्मात यायची नाही. मग मी ह्यांना म्हटलं, खोली विकत येत नाही, पण चार दिवस तर येते? मुंबईत एवढ्या पैशांत हॉटेलवाला दारातही उभं करणार नाही. तुमच्याकडे एवढी मोठी!"

मी भराभर जिना उतरले. इतकी वर्षं मी समजत होते की पैसेवाला मोठी खोली घेतो आणि गरीब लहान. इथे तर उलटंच दिसत होतं! मला एकदम हुक्केरीकडचे देसाई आठवले. दर वर्षी यायचे. गावाकडे चौसोपी घर, शेत, गोठा. पण काउंटरवर आले की सगळ्यात लहान खोली मागायचे आणि तिच्यावरही घासाघीस. "झोपायला पैसे? आमच्या पडवीत पन्नास माणसं झोपतात!" दुधाचा पेला मागवला की बिल बघून त्यांचा जीव वर-खाली व्हायचा, कारण घरी दूध विकत घ्यायची वेळच आली नव्हती. तेच देसाई चिकपेठेत जाऊन रेशमी साड्यांचा गठ्ठा आणायचे, भाव न करता. घरी जे फुकट, त्याला माणूस परगावी पैसे मोजत नाही. घरी जे मिळतच नाही, त्याला मोजतो. रोज डोळ्यांसमोर घडत होतं, आणि मला आज दिसलं.

मी तडक नंजप्पांकडे गेले.

"भिंती घालू नका."

"का?"

मी सगळं सांगितलं. सावंत, देसाई, पलंगावर आडव्या पडलेल्या वसुधाताई. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एका कुटुंबावरून धंदा होत नाही, अक्का."

"मुंबईत तसं एकच कुटुंब आहे का? स्वल्प विचार करा. सगळं शहर तसंच राहतं. ती माणसं सुट्टीला कुठे ना कुठे जातातच. ती आपल्याकडे का येऊ नयेत?"

"त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते. मला मुंबईला पाठवा."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. निपाणी आणि बंगळूर सोडून मी कुठे गेले नव्हते. नंजप्पांनी खिडकीबाहेर त्या विटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. मे महिन्यापर्यंत थांबतो. तिसरा मजला भरला तर भिंती नाहीत. नाही भरला तर जूनमध्ये गवंडी."

वसुधाताईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा पलंगावरून ताडकन उठल्या. "आमचं महिला मंडळ आहे! बालवाडीच्या हॉलमध्ये भरतं. तुम्ही याच!"

थंडी संपता संपता मी गेले. सोबत नवरा होता. ते म्हणाले, "तू भाषण करणार आणि मी बघणार नाही?" आम्ही सावंतांच्याच घरी उतरलो. त्यांनी ऐकलंच नाही. त्या रात्री मी त्या खोलीत झोपले आणि मला कुणी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत बायका जमल्या, काही नवऱ्यांनाही घेऊन आल्या होत्या. मी हॉटेलची माहिती सांगायला लागले. फोटो दाखवले. बायका मान डोलवत होत्या, पण डोळ्यांत काही नव्हतं. फोटोत सगळ्याच खोल्या मोठ्या दिसतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात फळ्याखाली खडूचा डबा दिसला. सावंतांच्या मुलांची लंगडी आठवली आणि मी खडू उचलला.

"जरा सगळे कडेला व्हा. मी खोली काढूनच दाखवते."

खोलीचं माप मला पाठ होतं. नवऱ्याने टेप धरली आणि मी वाकून रेघ ओढत निघाले. रुंदी बसली. लांबी काढत गेले, काढत गेले, आणि बालवाडीची भिंत आली तरी खोली संपेना. मी दार उघडलं, बाहेर व्हरांड्यात गेले आणि शेवटची रेघ तिथे ओढली.

व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. म्हात्रेकाका, सावंतांचे शेजारी, नुसतेच वारा खायला आलेले. त्यांनी रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी अजून खोलीतच आहे?"

"हो काका. आणि तुमच्या पाठीमागे गॅलरी."

जो काय हशा पिकला आणि जी गडबड उडाली! बायका रेघांच्या आत आल्या. एकजण म्हणाली, "पलंग कुठे?" मी पलंग काढला. दुसरी त्यात जाऊन बसली. तिसरीने विचारलं, "इथून इथपर्यंत काय असतं?" मी म्हटलं, "काहीच नाही." "काहीच नाही?" तिने शेजारणीला ओढून आत आणलं आणि पुन्हा विचारायला लावलं. "काहीच नसतं गं तिथे!" मुलं तर आखलेल्या दारातूनच आत-बाहेर करत होती, रेघ ओलांडली की एकमेकांना दटावत होती. भाड्याचं विचारलं कुणी तर अगदी शेवटी, आणि ऐकून सावंतांसारखंच "एवढंच?" म्हणाले.

परत आल्यावर मात्र माझी झोप उडाली. एप्रिल लागला तरी सगळं शांत. अंगणातल्या विटा तशाच पडून होत्या. कंपनीचा टायवाला एकदा येऊन मोजमाप करून गेला. आणि मग मुलांच्या परीक्षा संपल्या तसा फोन वाजायला लागला. एसटीडीची लांब घंटा कानाला लगेच ओळखू येते. पहिला फोन आला, मग दोन आले, मग मुलुंडहून कुणीतरी ज्यांना मी कधी भेटलेच नव्हते. "ती व्हरांड्यापर्यंत जाणारी खोली आहे का तुमच्याकडे?" मी हातातलं पेन नाचवत ओरडले, "आहे, आहे!" मुनियप्पा घाबरून धावत आले.

मेच्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मुंबईच्या गाडीने तिसऱ्या मजल्याची सगळी कुटुंबं येणार होती. नंजप्पा नवीन शर्ट घालून दारात उभे. आणि त्याच पहाटे गच्चीतल्या टाकीचा पाइप फुटला. कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत छतातून धार लागली. गाद्या भिजल्या, फरशीवर पाणी. बाकीच्या खोल्या वाचल्या, ही गेली. आणि ही होती म्हात्रेकाकांची.

काका, काकू, मुलगा, सून आणि नातवंडं रिक्षांतून उतरली. मी खरं ते सांगितलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन खोल्या देऊ केल्या, एकीच्याच भाड्यात. काकांनी त्या पाहिल्या. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "अशीच आहे हो आमची घरी," आणि काउंटरसमोरच्या बाकावर येऊन बसले. सुनेने तोंड फिरवलं.

नंजप्पांना मराठी येत नव्हतं. "काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "या लोकांना लालबाग बघायला पाठव. गाडी माझी घेऊन जाऊ दे. संध्याकाळी या म्हणावं."

"संध्याकाळी काय होणार आहे?"

"ते मी बघतो."

गाडी गेली आणि नंजप्पांनी गवंड्याला बोलावणं धाडलं. त्या दोन खोल्यांमधली भिंत अर्ध्या विटेची होती, वरच्या छताचा भार तिच्यावर नव्हता. ती त्यांनी स्वतःच जास्त खोल्या काढण्यासाठी घातली होती, वडील गेल्यानंतर. गवंडी म्हणाला, "घालायची होती ना?" नंजप्पा म्हणाले, "पाड."

असा दिवस मी हॉटेलात पुन्हा पाहिला नाही. घण पडत होते, धूळ जिन्यावरून खाली येत होती, स्वयंपाकी, धोबी, मुनियप्पा, सगळे घमेली भरून खाली नेत होते. वरच्या मजल्यावरचे पाहुणे वैतागतील म्हणून मी सांगायला गेले, तर त्यातले दोन पुरुष पायजमे वर खोचून मदतीलाच खाली आले. "म्हात्र्यांची खोली मोठी होतेय म्हणे! आम्हीपण हात लावतो." नंजप्पांचा नवा शर्ट पांढरा फटक झाला. दुपारनंतर फरशी धुतली, खाटा लावल्या. भिंतीच्या जागी सिमेंटचा एक ओबडधोबड पट्टा राहिला, तिथे मी घरून आणलेली सतरंजी टाकली.

उजेड असतानाच मंडळी परत आली. काका दारात उभे राहिले. मग चपला काढून आत गेले आणि एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत सावकाश चालत गेले. तिथून परत आले. पुन्हा गेले. नंजप्पा दारातून बघत होते. शेवटी काकांनी येऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि मराठीत काहीतरी पुटपुटले. मी भाषांतर करायला पुढे झाले, तर नंजप्पा म्हणाले, "बेड अक्का, नको. समजलं."

त्याच आठवड्यात त्यांनी कंपनीच्या माणसाला नकार कळवला. दसऱ्यात, दिवाळीत, मग दर मे महिन्यात तिसरा मजला आधी भरायचा. मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ती जागा विकली गेली. आता तिथे दुकानांची काचेची इमारत आहे. मी त्या रस्त्याने जायचं शक्यतो टाळते. बंगळूरच्याच खोल्यांची भाडी आता अशी आहेत की माझी मुलगी आणि जावई बेळ्ळंदूरच्या इवल्याशा फ्लॅटमध्ये राहतात आणि सुट्टीला कूर्गला जाऊन मोठ्यात मोठी कॉटेज घेतात. मी काही बोलत नाही.

पण एक प्रसंग सांगायचा राहिला. ते दशक सरत आलं होतं. एके सकाळी वसुधाताई काउंटरसमोर उभ्या. मी तिसऱ्या मजल्याची किल्ली काढायला वळले.

"ती नको अक्का. तुमची सगळ्यात लहान खोली द्या."

मला वाटलं, काही अडचण आहे. सासूबाई दिसत नव्हत्या. विचारू की नको, असं झालं. तर त्याच हसून म्हणाल्या, "सासूबाई घरी आहेत, मजेत. आम्ही बदलापूरला घर घेतलं! दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं, आणि सासूबाईंना त्यांची स्वतःची खिडकी. त्या म्हणाल्या, मी कुठे येत नाही, माझी खिडकी सोडून. आता हप्ते भरायचेत. आणि खोलीत बसून काय करू? ती घरी आहे. मला आता सगळं गाव बघायचंय. म्हैसूरची बस किती वाजता, तेवढं सांगा."

नोंदवहीत त्यांचं नाव लिहिताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि हसूही. नंजप्पा आपल्या टेबलाशी बसून सगळं बघत होते. त्या वर गेल्यावर मी त्यांना सांगितलं की तिसऱ्या मजल्याचं आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आता मोठी खोली घेणार नाही, कारण तिला घर मिळालं.

ते क्षणभर गंभीर झाले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "चांगलं झालं. आणि मुंबईत सगळ्यांना घर मिळेपर्यंत आपलं हॉटेल चालेल, काळजी करू नको. जा, आधी तिला बसची वेळ सांगून ये."